पल्स ऑक्सिमीटरने पेशंटचा ऑक्सिजन तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीच्या आजारांच्या वॉर्डात नर्स म्हणून काम करताना, आणि घरी सोडलेल्या पेशंटच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न रात्रीचे आहेत. घरातले बाकीचे झोपलेले असताना पेशंटच्या उशाशी एकट्याने बसलेल्या माणसाला बोटावरच्या डबीतला आकडा किती घाबरवू शकतो, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत. तुमच्या पेशंटसाठी डॉक्टरांनी वेगळी मर्यादा ठरवून दिली असेल, तर खाली काहीही लिहिलेलं असलं तरी तीच धरा.

१. पल्स ऑक्सिमीटर नक्की काय मोजतो?

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. त्यातलं किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं आहे, ते ऑक्सिमीटर सांगतो. आकडा ९७ आला म्हणजे शंभरातल्या ९७ जागा भरलेल्या आहेत. बोलताना आपण याला ‘सॅच्युरेशन’ किंवा नुसतं ‘ऑक्सिजन’ म्हणतो. पडद्यावर त्याचं नाव ‘एसपीओटू’ असं असतं. सोबत नाडीचे ठोकेही दिसतात.

मुळात हिमोग्लोबिन किती आहे, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतोय का, पेशंट श्वास किती कष्टाने घेतोय, यातलं काहीही त्याला कळत नाही. हे लक्षात ठेवलं तर प्रश्न १३ चं उत्तर सोपं जाईल.

२. सुई न टोचता त्याला रक्तातला ऑक्सिजन कळतो कसा?

चिमट्याच्या एका बाजूने दोन प्रकारचा प्रकाश बोटातून जातो: एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, साधारण ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजन असलेलं इन्फ्रारेड जास्त शोषतं. पलीकडे कोणता प्रकाश किती पोचला यावरून हिशोब होतो.

पण बोटात हाड, कातडी आणि शिरांमधलं रक्तही असतं. त्यातून धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? इथे ‘पल्स’ कामाला येते. प्रत्येक ठोक्याबरोबर जेवढा प्रकाश कमी-जास्त होतो तेवढाच भाग धमनीतल्या रक्ताचा, बाकी सगळं स्थिर. ही कल्पना जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. ते खरं तर हृदयातून किती रक्त बाहेर पडतं हे मोजायच्या खटपटीत होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या आलेखात अडथळा येत होता. तो अडथळाच उपयोगाचा आहे हे त्यांना दिसलं. एप्रिल २०२० मध्ये ते वारले, तेव्हा कोविडच्या साथीत जगभर घराघरांत त्यांच्या कल्पनेवर चालणारा हा चिमटा बोटाला लागत होता.

म्हणजेच नाडी नीट मिळाली नाही तर पुढचा सगळा हिशोब चुकतो. खालच्या निम्म्या अडचणींचं मूळ इथेच आहे.

३. नॉर्मल आकडा किती?

समुद्रसपाटीजवळ राहणाऱ्या, फुफ्फुसाचा जुना आजार नसलेल्या माणसात ९५ ते १००. बऱ्याच जणांचा ९६ ते ९८ च्या आसपास असतो. १०० आला नाही म्हणून काळजी करू नका. आपल्या माणसाचा नेहमीचा आकडा तो बरा असतानाच माहीत करून घ्या. नेहमी ९८ असणाऱ्याचा ९४ आणि नेहमी ९५ असणाऱ्याचा ९४, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटसाठी प्रश्न १४, उंचावर राहणाऱ्यांसाठी प्रश्न २१ पाहा.

४. मोजायची बरोबर पद्धत कोणती?

पेशंटला पाच मिनिटं शांत बसू द्या. बाथरूमला जाऊन आल्या आल्या, जिना चढल्यावर किंवा खोकल्याची उबळ येऊन गेल्या गेल्या मोजू नका. हात गार असेल तर चोळून गरम करा. हात टेबलावर किंवा उशीवर टेकलेला हवा, अधांतरी नको. मधलं बोट किंवा अंगठ्याजवळचं बोट चिमट्यात पूर्ण आतपर्यंत घाला, नख प्रकाशाच्या बाजूला. बोट अर्धवट गेलं की प्रकाश कडेने निसटतो आणि चुकीचा आकडा येतो. अंगठा बऱ्याच चिमट्यांत नीट बसत नाही. करंगळी सैल राहते.

मग थांबा. इथेच बहुतेक जण घाई करतात. पहिले काही सेकंद यंत्र चाचपडत असतं. आकडा स्थिरावायला तीस सेकंद ते एक मिनिट द्या, नाडीची पट्टी किंवा लाट एका लयीत खालीवर होतेय ना ते पाहा आणि मगच लिहा. पेशंटने बोलू नये, हात हलवू नये. थेट ऊन किंवा झगझगीत दिवा बोटावर पडत असेल तर वरून रुमाल टाका. त्याच हातावर बीपीचा पट्टा फुगवलेला असेल तर तो सुटेपर्यंत थांबा. पट्टा आवळला की बोटाकडे जाणारं रक्तच थांबतं.

५. पडद्यावर दोन-तीन आकडे दिसतात. त्यातला ऑक्सिजनचा कोणता?

टक्क्याचं चिन्ह किंवा ‘एसपीओटू’ लिहिलेला आकडा ऑक्सिजनचा. ‘पीआर’ किंवा ‘बीपीएम’ म्हणजे नाडीचे ठोके. काही यंत्रांत ‘पीआय’ असा तिसरा, दशांश चिन्हाचा आकडा असतो. त्याबद्दल प्रश्न ७ मध्ये लिहिलं आहे. पहिले दोन आकडे एकमेकांत मिसळल्याने खूप घबराट होते. ‘ऑक्सिजन ७८ झालाय’ म्हणून फोन येतो, आणि ते नाडीचे ठोके निघतात, अगदी छान चालू असलेले.

याहून फसवी गोष्ट पडद्याच्या दिशेची आहे. एका रात्री दोनच्या सुमारास फोन आला, ‘सिस्टर, बाबांचा ऑक्सिजन शहाऐंशी झालाय.’ मुलाचा आवाज कापत होता. बाबा काय करताहेत असं विचारलं तर म्हणाला, ‘उठून बसलेत, मला म्हणतात तू झोप आता.’ मी त्याला बाबांच्या बाजूला जाऊन, त्यांच्या खांद्यावरून तोच पडदा वाचायला सांगितलं. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, ‘अठ्ठ्याण्णव आहे.’ यंत्रावरचे आकडे इंग्रजी असतात आणि समोरून उलटे वाचले की ९८ चे ८६ होतात. तसेच ८९ चे ६८ होतात. पडद्याची दिशा बदलायचं बटण बहुतेक यंत्रांत असतं. वाचण्याआधी अक्षरं सरळ दिसताहेत ना, एवढं पाहा.

६. आकडा सारखा ९३, ९६, ९४ असा हलतो. कोणता खरा धरायचा?

एक-दोन टक्क्यांची हालचाल नेहमीचीच, यंत्र शेवटच्या काही सेकंदांची सरासरी दाखवत असतं. मिनिटभरात जो आकडा जास्त वेळ टिकून राहिला तो लिहा. सर्वांत वरचा लिहून मनाचं समाधान करू नका आणि क्षणभर दिसलेल्या सर्वांत खालच्या आकड्याने घाबरू नका.

खूपच उड्या मारत असेल तर मनगटावरची नाडी स्वतः मोजा. हाताने मोजलेले ठोके ८० आणि यंत्र ५५ किंवा १३० दाखवतंय, तर त्या क्षणी त्याच्या ऑक्सिजनच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नका. बोट बदलून पुन्हा घ्या. हात थरथरणारे पेशंट आणि ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत असे पेशंट, यांच्यात ही अडचण वारंवार येते.

७. रीडिंगच येत नाही, नुसत्या रेषा दिसतात. किंवा हात बर्फासारखा असताना ८८ दाखवतो. काय करू?

बोटाकडे रक्त कमी पोचलं की नाडी पकडता येत नाही. हात कोमट पाण्यात धरा किंवा दोन्ही तळव्यांमध्ये धरून चोळा, नीट पुसा, दुसऱ्या हाताचं बोट वापरून पाहा. ‘पीआय’ आकडा असेल तर तो बोटात रक्ताचा झोत किती जोरदार आहे हे सांगतो. तो एकाच्या बराच खाली, ०.३ सारखा असेल तर सॅच्युरेशनचा आकडा डळमळीत समजा.

मात्र एक गोष्ट नजरेआड करू नका. हात चोळूनही गार आहेत, कातडी फिकी, घामेजली आहे, पेशंट मलूल आहे आणि रीडिंग येत नाही, तर दोष यंत्राचा नसेल. बीपी पडल्यावर शरीर हातापायांचं रक्त काढून हृदय आणि मेंदूकडे वळवतं. अशा वेळी तिसरा ऑक्सिमीटर शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

८. नेलपॉलिश काढावंच लागतं का?

काढलेलं बरं. निळा, काळा, हिरवा असे गडद रंग प्रकाश अडवतात आणि आकडा थोडा खाली येऊ शकतो. काढायला वेळ नसेल तर चिमटा बोटाच्या दोन कडांवर आडवा लावून पाहा. चिकटवलेली नखं असतील तर तो बोट नसलेल्या जागीच मोजेल, ती काढा. कावीळ असलेल्या पेशंटबद्दलही विचारलं जातं: त्वचेच्या पिवळेपणाने रीडिंग बिघडत नाही.

९. दिवसातून किती वेळा मोजायचं? नोंद कशी ठेवायची?

छातीत संसर्ग झालेला आणि घरी उपचार चालू असलेला पेशंट असेल तर दिवसातून तीन-चार वेळा, आणि त्याला वेगळं काही वाटलं तर लगेच. स्थिर असलेल्या जुन्या पेशंटला डॉक्टर सांगतील तेवढंच. दर दहा मिनिटांनी बोट चिमट्यात घालण्याने पेशंट दचकतो आणि घरचेही थकतात.

वहीत तारीख, वेळ, ऑक्सिजन, नाडी, ताप लिहा. बसून मोजला की झोपून, ऑक्सिजन लावलेला होता का आणि किती लिटरवर, हेही लिहा. आणि श्वास मोजा. मिनिटभरात छाती किती वेळा वर येते ते. शांत बसलेल्या मोठ्या माणसात १२ ते २० असायला हवेत. ‘तुमचे श्वास मोजतेय’ असं सांगितलं की पेशंटचा श्वास बदलतो. आम्ही नर्स काय करतो, तर नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवतो आणि नजर छातीवर ठेवतो. घरीही हेच करा. ऑक्सिजनचा आकडा ९५ वर टिकून आहे, पण सकाळचे १८ श्वास संध्याकाळी २८ झालेत, तर पेशंट तो ९५ टिकवायला दुप्पट कष्ट करतोय. हे डॉक्टरांना फोनवर सांगा. त्यांना त्यातून खूप कळतं.

१०. किती कमी झाला की डॉक्टरांना फोन, आणि किती कमी झाला की ॲम्ब्युलन्स?

हे फुफ्फुसाचा जुना आजार नसलेल्या मोठ्या माणसासाठी. ९३ किंवा ९४ आला तर प्रश्न ४ प्रमाणे सगळं तपासून, दुसऱ्या बोटावर पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ९२ किंवा त्याखाली टिकून राहिला तर वाट न पाहता हॉस्पिटल. ९० च्या खाली गेला तर ॲम्ब्युलन्स बोलवा. गरोदर बाईचा ९५ च्या खाली गेला तरी डॉक्टरांना कळवा, कारण बाळाचा ऑक्सिजन तिच्याकडूनच जातो.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर आकडा पाहायला थांबूच नका: एका दमात वाक्य पूर्ण होत नाही, ओठ किंवा जीभ निळसर झाली आहे, बोलणं असंबद्ध झालं आहे, छातीत दुखतंय, पेशंट जागा राहत नाही. वाट पाहताना त्याला टेकून बसवा किंवा पुढे उशीवर ओणवं करा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, एकट्याला सोडू नका.

११. ९४ आणि ९० मध्ये चारचाच तर फरक आहे. डॉक्टर एवढे गंभीर का होतात?

कारण हा उतार एकसारखा नाही. सुरुवातीला पठार असतं, नंतर कडा. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला) निरोगी माणसात १०० च्या आसपास असतो, तेव्हा सॅच्युरेशन ९७-९८ असतं. दाब ७० पर्यंत उतरला, तरी सॅच्युरेशन ९४ च्या जवळपास दिसतं. म्हणजे बरंच काही बिघडून झालेलं असतं आणि आकड्यावर फारसं उमटलेलं नसतं. ९० ला दाब साधारण ६० असतो. तिथून खाली दाब थोडा जरी घसरला तरी सॅच्युरेशन धडाधड कोसळतं, दाब ४० झाला की ते ७५ च्या घरात जातं. ९० वर उभा असलेला पेशंट कड्याच्या टोकावर उभा आहे, म्हणून ती घाई.

शिवाय यंत्राची चूक धरावी लागते. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने दिलेलं उदाहरण असं आहे की, यंत्र ९० दाखवत असेल तर खरा आकडा साधारण ८६ ते ९४ मध्ये कुठेही असू शकतो. ८० च्या खालचे आकडे आणखीच अंदाजे असतात. म्हणून ७२ आहे की ७६ यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

१२. यंत्र ८८ दाखवतंय, पण पेशंट मजेत गप्पा मारतोय. यंत्र बिघडलंय का?

आधी यंत्राचीच शंका घ्या: दिशा, गार बोट, नेलपॉलिश, सेल. शक्य असेल तर तेच यंत्र तुमच्या स्वतःच्या बोटाला लावा. तुमचा ९८ आला आणि पेशंटचा पुन्हा ८८, तर तो खरा धरा.

कोविडच्या काळात असे पेशंट आम्ही रोज पाहिले. खाटेवर बसून फोनवर बोलताहेत आणि आकडा ८० च्या घरात. दम लागण्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर आणि फुफ्फुस ताठर झाल्यावर होते. ऑक्सिजन एकटाच कमी झाला तर शरीर तितका आरडाओरडा करत नाही. ‘मला काही होत नाहीये’ हे पेशंट खरंच सांगत असतो, पण म्हणून तो सुरक्षित असतो असं नाही. त्याला नेण्यावरून घरात वाद घालू नका.

१३. यंत्र ९८ दाखवतंय आणि पेशंटला दम लागतोय. मग दम मनाचा आहे का?

नाही. हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण आकडा चांगला आहे एवढ्यावरून घरी बसवून ठेवलेले पेशंट मी उशिरा येताना पाहिले आहेत.

रक्त कमी असेल, म्हणजे हिमोग्लोबिन १३ च्या जागी ६ असेल, तरी त्या सहाच्या सगळ्या जागा भरलेल्या असल्या की यंत्र ९९ दाखवणार. टक्केवारी पूर्ण, माल निम्मा. दम्याच्या झटक्यात पेशंट जीव तोडून श्वास घेत आकडा बराच वेळ टिकवतो, आणि तो थकला की एकदम पडतो. हृदयविकाराचा झटका, फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, मधुमेहात रक्त आम्लधर्मी होणं, या सगळ्यांत दम असतो आणि आकडा नॉर्मल असू शकतो. धुरातून आलेल्या पेशंटचं प्रश्न १८ मध्ये लिहिलं आहे.

घाबरल्यामुळेही श्वास जोरात होतो, ते खरं आहे. पण तो निष्कर्ष डॉक्टरांनी तपासून काढायचा. नव्याने सुरू झालेला दम आकडा कितीही असला तरी दाखवून घ्या.

१४. सीओपीडी आहे, आकडा नेहमी ९० च्या आसपास असतो. वाढवायचा प्रयत्न करावा का?

स्वतःहून नाही. ज्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका आहे अशा पेशंटसाठी डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ हे लक्ष्य ठेवतात. त्यांना भरपूर ऑक्सिजन देऊन ९८ वर नेलं तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. मग सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंगणं, बोलण्यात गोंधळ, हात फडफडणं असं सुरू होतं, आणि आकडा मात्र झकास दिसत राहतो. प्रेमापोटी सिलिंडरचा नॉब फिरवून केलेली ही चूक मी बऱ्याचदा पाहिली आहे. तुमच्या पेशंटचं लक्ष्य डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आणि दवाखाना बदलला तर तो कागद तिथे आधी दाखवा.

१५. ऑक्सिजन लावलेला असताना मोजायचा की काढून?

लावूनच. वहीत ‘९४, दोन लिटरवर’ असं लिहा, नुसतं ९४ लिहिलं तर डॉक्टरांना काहीच कळत नाही. काल दोन लिटरवर ९४ होता आणि आज चार लिटरवर ९४ आहे, तर आकडा तोच असला तरी तब्येत उतरली आहे. काढून मोजायला डॉक्टरांनी सांगितलं तरच काढा, किती वेळ थांबायचं ते विचारून घ्या, आणि तेवढा वेळ पेशंटजवळून हलू नका.

ऑक्सिजन चालू असताना आणखी एक गोष्ट झाकली जाते. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक औषधांनी श्वास मंदावला, मिनिटाला आठ-नऊवर आला, तरी बाहेरून मिळणाऱ्या ऑक्सिजनमुळे आकडा बराच वेळ ९७ राहू शकतो. त्यामुळे अशा पेशंटचे श्वास मोजणं टाळू नका.

१६. चालून मोजायला सांगतात ते कशासाठी?

बसल्या जागी फुफ्फुस कसंबसं भागवून नेतं, श्रम पडले की उणीव उघडी पडते. खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं, किंवा जमत नसेल तर मिनिटभर खुर्चीवरून उठबस करून, चिमटा बोटावरच ठेवून पाहतात. आकडा तीन किंवा जास्त टक्क्यांनी घसरला तर डॉक्टरांना सांगा. बसून असतानाच ९४ च्या खाली असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर हा प्रयोग करू नका. सोबत दुसरं माणूस हवंच. थांबल्यावरही थोडा वेळ आकडा पाहत राहा, फुफ्फुसातला बदल बोटापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात आणि सर्वांत खालचा आकडा कधीकधी बसल्यानंतरच दिसतो.

१७. झोपेत आकडा खाली जातो. उठवावं का?

गाढ झोपेत एक-दोन टक्के कमी होणं साहजिक आहे. हात अंगाखाली दबला असेल तरी खाली दिसतो, आधी तो सोडवा. पण मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, मग दचकून घुसमटल्यासारखा श्वास, आणि दर वेळी आकडा घसरून पुन्हा वर येणं, असं रात्रभर चालत असेल तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. तपासणी करणाऱ्याला त्याने मोठी मदत होते.

१८. आगीत, धुरात किंवा बंद खोलीत जळत्या शेगडीजवळ सापडलेल्या माणसाचा आकडा ९९ आहे. तो ठीक आहे ना?

या एका प्रसंगी आकडा पूर्ण खोटा असू शकतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरच्या दोन प्रकाशांना तो ऑक्सिजनसारखाच दिसतो. पेशंट गुदमरत असताना पडद्यावर ९९. डोकेदुखी, मळमळ, गुंगी असेल तर उघड्या हवेत आणा आणि लगेच हॉस्पिटलला न्या. खरं चित्र को-ऑक्सिमीटरवर (हिमोग्लोबिनला कोणता वायू चिकटलाय ते ओळखणाऱ्या यंत्रावर) केलेल्या रक्ताच्या तपासणीतच दिसतं. नेहमी सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तातही हा वायू थोडा असतो, त्यामुळे त्यांचा आकडा खऱ्यापेक्षा जरा चांगलाच दिसतो.

याच्या उलट, डॅप्सोनसारख्या काही औषधांनी मेथेमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारं हिमोग्लोबिन) वाढलं तर आकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो आणि ऑक्सिजन देऊनही हलत नाही. असं दिसलं तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

१९. त्वचा सावळी किंवा काळी असेल तर आकडा चुकतो का?

चुकू शकतो, आणि धोक्याच्या दिशेने चुकतो: खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्ष ८८ पेक्षा कमी सॅच्युरेशन सापडलं, अशा नोंदी गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के होत्या. त्यानंतर २०२१ मध्ये एफडीएने याबद्दल इशारा दिला. गडद त्वचेच्या पेशंटचा ९३ आला की मी तो ९१ असल्यासारखा वागते. अगदी काटेकोर नियम नव्हे, माझी सवय आहे. एका आकड्यापेक्षा वहीतला उतार पाहा, कारण त्वचेचा रंग सकाळ-संध्याकाळ तोच असतो. शंका राहिली तर धमनीतलं रक्त घेऊन एबीजी करतात.

२०. बाळाला मोठ्यांचा ऑक्सिमीटर लावता येतो का?

नाही. बोट एवढंसं असतं की प्रकाश कडेने निसटतो. लहान बाळांसाठी पायाला किंवा तळहाताला गुंडाळायची वेगळी पट्टी असते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा आकडा ऐकूनही घाबरू नका: पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ हे अपेक्षितच असतं, दहाव्या मिनिटापर्यंत तो ८५ ते ९५ वर येतो. बाळ घरी असेल तर यंत्र शोधण्यापेक्षा बाळाकडे पाहा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, कण्हल्यासारखा आवाज येतोय, दूध ओढत नाही, तर ताबडतोब न्या.

२१. डोंगरावर किंवा विमानात आकडा कमी येतो. ते चालतं का?

उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून आकडाही कमी. विमानाच्या आतला दाब जास्तीत जास्त साधारण २,४०० मीटर उंचीइतका ठेवतात, त्यामुळे निरोगी माणसाचाही ९० ते ९४ दिसू शकतो. ज्याचा जमिनीवरच ९२ आहे त्याने प्रवासाआधी डॉक्टरांना विचारावं. उंचावर डोकेदुखी, ओकारी, तोल जाणं, बसल्या जागी दम असेल तर आकडा पाहून धीर धरू नका, खाली उतरा.

२२. स्मार्टवॉच किंवा मोबाईलचं ॲप चालेल का?

आजारी पेशंटसाठी नाही. घड्याळ मनगटावरून परतलेला प्रकाश वाचतं, पट्टा जरा सैल झाला की बिघडतं. केवळ कॅमेरा आणि फ्लॅश वापरणाऱ्या ॲपवर तर मुळीच विसंबू नका.

२३. माझा ऑक्सिमीटर पेन्सिलीवरही आकडा दाखवतो. तो बनावट आहे का?

असू शकतो, पण तेवढ्यावरून ठरवता येत नाही. हलत्या वस्तूमुळे किंवा आजूबाजूच्या प्रकाशामुळे चांगलं यंत्रही कधी क्षणभर फसतं. पेन्सिल स्थिर ठेवूनही ९८ ठामपणे दिसत राहत असेल तर ते यंत्र बाजूला ठेवा. याहून चांगली तपासणी म्हणजे नाडीचे ठोके हाताने मोजलेल्या ठोक्यांशी जुळतात का ते पाहणं. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा तुमचं यंत्र सोबत न्या आणि तिथल्या मॉनिटरशेजारी त्याच पेशंटला लावून पाहा. दोन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. श्वास रोखून आकडा पाडून बघायचा प्रयोग पेशंटवर करू नका.

२४. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या बोटाला दिवसभर लावून ठेवला तर?

घरगुती चिमटा त्यासाठी नसतो. त्याची स्प्रिंग सतत दाबत राहते आणि वय झालेल्या, सुजलेल्या किंवा बधिर बोटांवर व्रण पडतात. पेशंट बोलत नसेल तर दुखतंय हेही कळत नाही. सतत लक्ष ठेवायला सांगितलंच असेल तर त्यासाठीचा मऊ प्रोब घ्या, काही तासांनी बोट बदला आणि काढल्यावर ती जागा उजेडात पाहा.

२५. साफसफाई आणि सेल?

प्रत्येक पेशंटनंतर अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापसाने आतलं रबर आणि प्रकाशाची काच पुसा, पूर्ण वाळू द्या. पाण्यात बुडवू नका. काचेवर तेलाचा किंवा मलमाचा थर असेल तरी आकडा चुकतो. सेल उतरले की पडदा मंद होतो किंवा यंत्र मध्येच बंद पडतं, म्हणून दोन नवे सेल त्याच डबीत ठेवून द्या. महिनाभर लागणार नसेल तर आतले सेल काढून ठेवा, नाही तर ते पाझरतात आणि ऐन गरजेच्या रात्री यंत्र चालू होत नाही.